मंगळवारी मी ‘झकास’ म्हणालो

५ जानेवारी, सोमवार

वेई बाईंनी आम्हा सगळ्यांना दैनंदिनी ठेवायला सांगितलंय. ‘काय पाहिलंत, काय वाटलं आणि कुठे माती खाल्लीत ते लिहा. मला दाखवू नका, मला माझी झोप प्यारी आहे.’ वेई बाई आमच्या साथरोग प्रशिक्षणाच्या मुख्य. कुठे साथ आली की धावत जाऊन तिचं मूळ शोधणारी माणसं तयार करायची, हे त्यांचं काम. दोन वर्षं त्यांच्या हाताखाली धावायचं, हे आमचं. आमच्या तुकडीत कोणी लहान मुलांचा डॉक्टर आहे, कोणी गुरांचा. मी दातांचा.

पहिल्या दिवशी ओळख करून देताना मी नुसतं ‘डॉक्टर यौ’ म्हणून गप्प बसलो होतो. बाईंनी हातातला कागद बघितला आणि भर वर्गात विचारलं, ‘दातांचे ना?’ तेव्हापासून ताइपेईत माझं नाव ‘दाढ’. बाबांचा ताइचुंगला चांगला चालता दवाखाना आहे, खुर्ची माझी वाट बघतेय. मी हा अभ्यासक्रम घेतोय म्हटल्यावर ते म्हणाले, ‘म्हणजे तू लोकांचं एक टोक सोडून दुसऱ्या टोकाला चाललास.’ मी त्यांना देशसेवेवर भाषण दिलं. खरं कारण असं की लोकांच्या तोंडात डोकावून मला वीट आला होता.

तर महिन्यापासून मी इथे दक्षिणेत, लुंगवेई गावात. घरोघरी जाऊन कुंड्या, बादल्या, टायर उपडे करायचे आणि डासांच्या अळ्या शोधायच्या. थंडीत अळ्या तरी कुठून येणार! दार उघडणारा विचारतो, ‘डॉक्टर कसले?’ मी सांगतो. लगेच तो तोंड उघडतो. अख्ख्या गल्लीची तोंडं आता मला पाठ आहेत. कोणाची कवळी पेल्यात असते, कोणाची देवघरात, सगळं.

मी राहतो लियान मावशीच्या वरच्या खोलीत. मावशी एकटीच असते, काका जाऊन बरीच वर्षं झाली. तिचा दिवस दुसऱ्यांना खायला घालण्यात जातो. समोरच्या घरात खिम आजोबा. त्यांचे दोन दात शिल्लक आहेत, एक वर उजवीकडे, एक खाली डावीकडे. आयुष्यात दोघांची भेट होणं नाही. मी कवळी बसवायला सांगितली तर म्हणाले, ‘मला आता चावायचंय कोणाला?’

११ जानेवारी, रविवार

गल्लीच्या तोंडाशी लग्नाचं जेवण झालं. भर रस्त्यात मांडव, लाल टेबलक्लॉथ, आणि कडेला हुंग आचाऱ्याच्या भट्ट्या. हुंग आचारी इथला मोठा माणूस. साठीचा, आवाज फाटका, बनियनवर सोन्याची साखळी. वधूच्या बापापेक्षा तोच जास्त मिरवत होता. याच महिन्याअखेरीला देवळाचा उत्सव आहे, बारा वर्षांनी येणारा, त्याचं जेवणही त्याच्याकडे. याआधी त्यानेच केलं होतं, त्याच्याआधी त्याच्या बापाने. मावशी सांगत होती की पुढच्या खेपेला त्याचे गुडघे चालायचे नाहीत, म्हणून हे शेवटचं. गावात ज्याला त्याला तो हेच सांगत सुटलाय.

मला आमंत्रण होतं. गेलो नाही. परवा सकाळी बाईंसमोर फोनवरून अळ्यांचा अहवाल मांडायचाय, म्हणून खोलीत बसून तक्ते रंगवत होतो. खालून खेकडा घातलेल्या भाताचा वास येत होता आणि मी शून्य अळ्यांचा स्तंभ निळा करू की हिरवा, या विवंचनेत. माझ्यासारखा शहाणा मीच.

दुपारी पंगत उठल्यावर आचाऱ्याने नेहमीप्रमाणे राहिलेलं सगळं, बदक, कोबी, मशरूम, बांबूचे कोंब, मांसाचे गोळे, एका मोठ्या कढईत ओतून खळाखळा उकळलं. इथे लोक याला नुसतं ‘उरलंसुरलं’ म्हणतात आणि मूळ जेवणापेक्षा त्याच्यावर जास्त जीव टाकतात. जो तो भांडं घेऊन उभा. मावशी सकाळपासून भांडी घासायला होती, तिला सगळ्यात मोठं पातेलं मिळालं. दोघांनी धरून घरी आणावं लागलं. दुसरा मी होतो.

१२ जानेवारी, सोमवार

दुपारी आलो तर दाराच्या मुठीला पिशवी, पिशवीत डबा. मावशीची पद्धतच आहे, पहिला घास भाडेकरूला. काय चव होती! निम्मं खाल्लं, निम्मं रात्रीसाठी माझ्या छोट्या फ्रिजमध्ये ठेवलं. पातेलं खाली शेगडीवरच आहे, मावशी अधूनमधून मंद आच लावते. म्हणते, मुरायला पाहिजे.

१३ जानेवारी, मंगळवार

काल रात्री उरलेला डबा खाण्याची वेळच आली नाही. पोटात कळा, आणि मग ज्या खोलीला खिडकी नाही त्या खोलीत मुक्काम. अहवालाचं दडपण, दुसरं काय. शाळेतही परीक्षेच्या आदल्या दिवशी माझं असंच व्हायचं. या वयात लाज वाटायला हवी.

अहवाल मात्र दिला. कॅमेरा बंद ठेवला आणि ‘इथे नेटवर्क नाही’ म्हटलं. मधे एकदा दीडेक मिनिट गायब झालो, तेही नेटवर्कच्या खात्यात जमा. बाईंना खरं सांगायची सोय नाही. त्यांचं एक वाक्य सगळ्या तुकडीला पाठ आहे: साथीमागे गेलेला आडवा झाला की एक रुग्ण वाढतो आणि एक माणूस कमी होतो. गेल्या वर्षीच्या तुकडीतल्या एकाला फील्डवर नुसता ताप आला होता. त्याला अजून ‘नमुना’ म्हणतात. मी आधीच ‘दाढ’ आहे.

सकाळी जिन्यात मावशी भेटली. माझ्या तोंडाकडे बघत राहिली.

‘असा का रे पांढरा पडलास? पोट ठीक आहे ना?’

‘एकदम.’

‘कालचं बाधलं तर नाही? खरं सांग हं.’

‘छे छे मावशी! झकास होतं. असलं कालवण ताइपेईत पैसे देऊन मिळत नाही.’

मावशीचा चेहरा असा उजळला की मलाच बरं वाटलं. ‘मग आज सगळ्या गल्लीला देते,’ म्हणाली. ‘आज तर अजून मुरलंय.’

चला, दुखऱ्या पोटाने का होईना, एका म्हातारीला खूश केलं.

१४ जानेवारी, बुधवार

देव पावला! असं लिहू नये, पण खोटं कशाला लिहू. आज पहाटे गल्लीत एकापाठोपाठ एक दिवे लागले. जुलाब, पोटात मुरडा. सकाळपर्यंत दहा-बारा घरं. खिम आजोबांना तर उचलून गाडीत घालून जिल्ह्याच्या गावी दवाखान्यात न्यावं लागलं, लघवीच बंद झाली होती. त्यांना नेताना मी दाराशी उभा होतो आणि मनात पहिला विचार काय आला? की साथ आली, आणि ती चक्क माझ्या दारात आली. दुसरा विचार आजोबांचा आला. दुसरा.

जाकीट चढवलं. पाठीवर मोठ्या अक्षरांत ‘साथ तपासणी’ असलेलं ते जाकीट महिनाभर इस्त्री करून टांगलेलं होतं. बाईंना फोन केला.

बाई म्हणाल्या, ‘आधी ठरवा, रुग्ण कोणाला म्हणणार. कुठला, कसला त्रास, कधीपासून.’

‘या गल्लीतला, जुलाब झालेला, बुधवारपासून.’

‘बुधवारच का? त्याआधी कोणाला काही झालं नव्हतं?’

‘कोणालाही नाही बाई,’ मी ठामपणे सांगितलं. ‘मी इथेच राहतो ना.’

गल्लीचं मिळून एकत्र खाणं म्हणजे रविवारचं लग्न. गुन्हा स्पष्ट, गुन्हेगार स्पष्ट. त्या जेवणातले सगळे पदार्थ लिहून काढले आणि घरोघर विचारत सुटलो. माकूळ खाल्लं? कोळंबी खाल्ली? डुकराचा पाय? शिंपल्यांतल्या तिसऱ्यांचं सूप? लोक पोट धरून ‘हो, खाल्लं असेल’ म्हणत होते. टोकाच्या घरातल्या आजीबाई म्हणाल्या, ‘लग्नाला मी गेलेच नव्हते.’ मी म्हटलं, मग तुम्हाला दुसऱ्या कोणाकडून लागण झाली. ‘बाहेरचं काही खाल्लंत?’ विचारलं तर मावशीच्या दाराकडे एकदा बघून म्हणाल्या, ‘बाहेरचं? नाही बाबा, बाहेरचं काहीच नाही.’

मावशी दिवसभर घरोघरी पेज पोचवत होती. तिला स्वतःला काही झालेलं नाही. ती या महिन्यात व्रताचं, बिनमांसाचं खाते.

१५ जानेवारी, गुरुवार

हुंग आचाऱ्याकडे गेलो. भट्ट्या, सुऱ्या, पाट्या, सगळ्यावरून कापसाचे बोळे फिरवून बाटल्यांत भरले. तो खुर्चीवर मांडी घालून बघत होता.

‘तू दातवाला ना रे?’

‘सध्या साथरोग तपासणी अधिकारी. प्रशिक्षणार्थी.’

‘मग दात बघ ना लोकांचे. माझं पातेलं काय हुंगत बसलायस?’

‘रविवारी जेवलेली माणसं आजारी आहेत, मास्तर.’

‘रविवारी जेवलेली माणसं तर शंभरावर आहेत. नवरदेव बघ, वाघासारखा फिरतोय. त्याची आई बघ. तीन टेबलांवर माझे भाऊबंद होते, बकासुर नुसते, एकाला साधी ढेकर आली नाही. रविवारच्या जेवणाने बुधवारी पोट बिघडतं? मधले दिवस माझी कोळंबी काय फिरायला गेली होती?’

मी वहीत काहीतरी लिहिलं. अधिकारी माणसाने असं करायचं असतं.

निघताना तो मागून म्हणाला, आवाज एकदम खाली आला होता, ‘हे बघ बाळा, देवळाचं जेवण पंचवीस तारखेला आहे. साठ टेबलं. माझा बाप त्या मांडवात उभा राहिला, मी राहिलो. आता मला काढून टाकलं तर गाव म्हणेल, हुंगने शेवटी माणसांना विष घातलं. एवढं ध्यानात ठेव नि मग लिही काय लिहायचं ते.’

मी म्हटलं, मी पुराव्यावर चालतो. काय रुबाब!

१६ जानेवारी, शुक्रवार

जिल्ह्याच्या आरोग्य कार्यालयाला घाई झाली होती, प्राथमिक मत आजच हवं होतं. दिलं. ‘लग्नाच्या जेवणातील तिसऱ्यांच्या सुपाची शक्यता बळकट.’ ‘बळकट’ हा शब्द मला आवडतो. त्यामागे काही नसलं तरी तो उभा राहतो.

बाईंनी वाचलं. ‘वेळ जुळत नाही, यौ. खाल्लं रविवारी, त्रास बुधवारी, तोही सगळ्यांना एकदम. आणि आजारी लोकांतले निम्मे लग्नाला गेले नव्हते.’

‘त्यांना इतरांकडून लागण झाली असेल.’

‘त्याच पहाटे?’

मी पदार्थांची यादी पुन्हा वर-खाली केली.

‘यौ, तुम्ही विचारताय काय आणि विचारत नाही काय, याचा एकदा विचार करा.’

संध्याकाळी कळलं की देवळाच्या मंडळाने शेजारच्या गावातल्या आचाऱ्याला बोलावणं धाडलं. हुंग आचाऱ्याने दुकानाचं शटर खाली ओढलंय. मी त्याच्या दारावरून आलो नाही, मागच्या रस्त्याने आलो. पुराव्यावर चालणारा माणूस मागच्या रस्त्याने का चालला, याचं उत्तर माझ्याकडे नाही.

पोट आता बरं आहे. (दडपण गेलं असणार.)

१७ जानेवारी, शनिवार

हे नीट लिहायला हवं.

सकाळी दवाखान्यात खिम आजोबांना बघायला गेलो. खरं सांगायचं तर त्यांचा जबाब घ्यायला. आजोबा जागे होते, हाताला सलाईन, चेहरा एवढासा झालेला. त्यांच्या मुलाने बुधवारीच सांगितलं होतं की बाबा लग्नात माझ्याच टेबलावर होते, आम्ही सगळं खाल्लं. मी त्याप्रमाणे प्रत्येक पदार्थापुढे खूण केली होती.

आजोबांनी मला बघितलं आणि सवयीने तोंड उघडलं. मीही सवयीने वाकून बघितलं. एक वर उजवीकडे, एक खाली डावीकडे.

आणि तसाच वाकलेला राहिलो. या तोंडाने चिवट माकूळ खाल्लं? डुकराचा पाय? शिंपल्यातल्या तिसऱ्या?

‘आजोबा, लग्नात तुम्ही काय खाल्लंत?’

‘काय खाणार, कपाळ? बसलो होतो शोभेला. बशीतलं सगळं पिशवीत भरून नातवंडांना दिलं. मी खातो ते लियानच्या पातेल्यातलं. मऊ असतं. जिभेने दाबलं तरी गिळता येतं.’

‘ते कधी खाल्लंत?’

‘मंगळवारी संध्याकाळी. दोन वाट्या. लियान म्हणाली, आमच्या डॉक्टरने खाऊन बघितलंय, झकास आहे म्हणाला.’

बाहेरच्या बाकावर येऊन बसलो. गल्लीतली तोंडं एकेक करून डोळ्यांसमोर यायला लागली. टोकाच्या आजीबाई, कवळी देवघरात. त्यांच्या पलीकडचे मामा, नुसत्या हिरड्या. कोपऱ्यावरच्या दोघी बहिणी, दोघींत मिळून दाढ एक. आजारी पडलेलं प्रत्येक तोंड मी आतून बघितलं होतं, आणि त्यांतलं एकही लग्नाचं जेवण चावू शकलं नसतं. मावशीची ‘सगळी गल्ली’ म्हणजे चावता न येणारी ही तोंडं; त्यांनाच ती ते पातेलं वाटत होती. जी गोष्ट ताइपेईतल्या कुठल्याही हुशार सहकाऱ्याला दिसली नसती, ती बघायला बाईंनी जणू मुद्दाम एक दातवाला धाडला होता, आणि दातवाला जाकीट घालून कोळंबी मोजत होता.

इथवर मला स्वतःचं हसू येत होतं. मग पुढचं आठवलं.

मला सगळे दात आहेत. मी लग्नाला गेलो नव्हतो. मी सोमवारी दुपारी त्या पातेल्यातलं खाल्लं आणि सोमवारी रात्री मला झालं. पहिला रुग्ण मी. अख्ख्या गावात मी एकटाच असा होतो ज्याच्यावरून सगळं एका दिवसात उलगडलं असतं, आणि मी स्वतःला मोजलंच नव्हतं. ‘बुधवारपासून,’ म्हणालो होतो. ‘कोणालाही नाही बाई.’

तेही सोडा. मंगळवारी सकाळी मावशीने जिन्यात विचारलं होतं, पोट ठीक आहे ना, खरं सांग हं. मी खरं सांगितलं असतं तर तिने ते पातेलं तिथल्या तिथे मोरीत ओतलं असतं. ती बाई दुसऱ्याला शिळा भातसुद्धा वाढत नाही. आजोबा आत सलाईनवर आहेत ते एका ‘झकास’मुळे. लाज वाटू नये म्हणून मारलेली थाप.

बाईंना बाकावरूनच फोन केला. सगळं सांगितलं. मला वाटलं, आता ‘घरी जा’ म्हणतील.

‘त्या पातेल्यातलं काही शिल्लक आहे?’

‘पातेलं मावशीने कधीच घासलं.’ आणि मग आठवलं. ‘बाई, माझ्या फ्रिजमध्ये अर्धा डबा आहे.’

‘म्हणजे तुम्ही गावभर बोळे फिरवत होतात तेव्हा नमुना तुमच्या उशाशी होता.’

‘हो.’

‘तो बर्फात घालून पाठवा. जिल्ह्याला कळवा की कालचं मत मागे. आणि पहिला रुग्ण नोंदवा. नाव नको, नियम आहे. वय, लिंग आणि धंदा.’

‘धंदा काय लिहू?’

‘दंतवैद्य लिहा,’ बाई म्हणाल्या. ‘तोच आज कामाला आला.’

मंडळाच्या अध्यक्षांना फोन केला, मग हुंग आचाऱ्याच्या शटरवर थापा मारल्या. पुढच्या रस्त्याने गेलो होतो.

१८ जानेवारी, रविवार

मावशीला आज सांगितलं. काल धीर झाला नाही. अध्यक्षांना, आचाऱ्याला, बाईंना सांगून झालं, आणि खाली राहणाऱ्या बाईला सांगायला रात्र जावी लागली.

ती शेंगा निवडत होती. मी शास्त्र सांगत बसलो. उकळलेलं मोठं पातेलं सावकाश निवतं, आतल्या आत कोमट राहतं, मग त्यात जंतू वाढतात, मंद आचेने ते मरत नाहीत. सुपातल्या शेंगा संपत आल्या तरी मी शास्त्रच सांगत होतो. ती ऐकून घेत होती.

‘म्हणजे माझ्या हातचं खाऊन खिम भाऊजी दवाखान्यात आहेत.’

‘तुमची चूक नाही मावशी. सगळं गाव असंच करतं. मी...’

‘मग मंगळवारी तू झकास म्हणालास ते?’

‘खोटं होतं. रात्रभर त्रास होत होता मला.’

तिने हातातली शेंग खाली ठेवली.

‘मी विचारलं होतं रे तुला,’ म्हणाली.

बस, एवढंच. ओरडली असती तर बरं झालं असतं. माझ्या डोळ्यांतून पाणी आलं, तर तीच उठली आणि फडकं आणून दिलं. त्याने जास्तच लाज वाटली.

तेवढ्यात हुंग आचारी आला. कालपासून त्याने ठरवलं होतं बहुतेक. दारातूनच म्हणाला, ‘ए दातवाल्या, अहवालात लियानचं नाव घालायचं नाही. कढई माझी, रस्सा माझा. नेणाऱ्याला ‘आजच्या आज संपव’ म्हणून मी सांगायला हवं होतं. माझं नाव घाल.’

‘तुझं कशाला?’ मावशी उसळली. ‘पातेलं माझ्या शेगडीवर होतं. माझं घाल रे, यौ.’

‘तू गप. देवळाचं जेवण तुला करायचंय का मला?’

‘म्हणूनच म्हणते ना, मूर्खा! तुझं नाव घातलं तर ते तुला परत मिळायचंच नाही!’

दोघं माझ्या डोक्यावरून भांडत होती. मी मधे एकदा म्हणालो की अहवालात कोणाचंच नाव नसतं, तर दोघांनी एकदम ‘तू थांब’ म्हणून मला गप्प केलं.

पण आचारी गेल्यावर मावशीने मोठं पातेलं पुसून कोरडं केलं आणि माळ्यावर टाकलं. मी हात द्यायला गेलो तर म्हणाली, राहू दे.

२२ जानेवारी, गुरुवार

तपासणीचा निकाल आला. माझ्या डब्यात आणि आजारी लोकांच्या नमुन्यांत जंतू एकच. सूप निर्दोष, कोळंबी निर्दोष. मंडळाने दुसऱ्या आचाऱ्याला नारळ दिला.

खिम आजोबा आज घरी आले. गाडीतून उतरताच समोरच्या दाराकडे बघून ओरडले, ‘लियान, भूक लागलीय!’ दार उघडलं नाही. रविवारपासून मावशीने गल्लीत कोणालाही काही दिलेलं नाही. माझ्या दाराच्या मुठीलाही काही नसतं. ‘जेवलास का?’ तेवढं विचारते. मी हो म्हणतो. खरं म्हणजे रोज पाकिटातल्या नूडल्स.

आजोबांसाठी बाबांना फोन केला. कवळीचं माप घेऊन पाठवतो म्हटलं. बाबा म्हणाले, ‘माप नीट घे. इतक्या महिन्यांत विसरला असशील.’ विसरलो नव्हतो.

२५ जानेवारी, रविवार

साठच्या साठ टेबलं भरली. हुंग आचाऱ्याच्या गळ्यात साखळी, गुडघ्यांना पट्टे, आवाज सगळ्या गावाला पुरेल एवढा. मावशी आली नाही. भांडी घासायला दुसऱ्या बायका होत्या.

पंगत उठल्यावर उरलंसुरलं उकळलं गेलं. या वेळी शेजारी मी उभा, हातात तापमापक. कढई उकळली की मी ‘हां’ म्हणायचं, मग आचाऱ्याच्या माणसांनी ते पसरट ताटांत ओतून बर्फावर ठेवायचं, आणि नेणाऱ्या प्रत्येकाला मी ‘आज संपवा, नाहीतर फ्रिजमध्ये घाला आणि खाताना पुन्हा उकळा’ असं म्हणायचं. चौथ्यापाचव्या माणसानंतर माझ्याआधी लोकच ते म्हणून टाकायला लागले. एक बाई म्हणाली, ‘आणि पोट दुखलं तर दातवाल्याला सांगा.’ सगळे हसले. हसू देत.

आचाऱ्याने एक मोठा डबा भरून माझ्या हातात दिला. ‘हे तिला.’

मावशीने दार उघडलं, डब्याकडे बघितलं आणि मान हलवली. ‘नको. मी आता कोणाला देणार नाही. माझा हातच जात नाही.’

समोरच्या ओट्यावरून खिम आजोबा ओरडले, ‘मग मला दे! मरायचंच असतं तर गेल्या आठवड्यात चांगली संधी होती!’

‘तुम्ही गप्प बसा हो भाऊजी,’ ती म्हणाली, पण दार लावलं नाही.

मी आत शिरलो. तिच्याच शेगडीवर एक वाटी खळाखळा उकळून घेतली आणि जिन्याच्या पायरीवर बसून तिच्यासमोर खाल्ली. सगळी. ती दाराला टेकून उभी होती. डब्यातलं उरलेलं तिने फ्रिजमध्ये ठेवलं आणि दार लावून घेतलं.

२६ जानेवारी, सोमवार

सकाळी जिना उतरलो तर मावशी खालच्या पायरीवर बसलेली. स्वेटर अंगात, केस विंचरलेले नाहीत. बराच वेळ बसली असावी.

‘पोट ठीक आहे ना?’

मी तोंड उघडलं आणि थांबलो. खरोखर विचार करून बघितलं.

‘थोडं गच्च वाटतंय,’ मी म्हणालो. ‘काल जरा जास्त खाल्लं. बाकी काही नाही. रात्री एकदाही उठलो नाही.’

तिने माझ्या तोंडाकडे नीट बघितलं, त्या मंगळवारी बघितलं होतं तसं. मग गुडघ्यावर हात टेकून उठली.

‘तो डबा काढ फ्रिजमधून,’ म्हणाली. ‘मी शेगडी मोठी करते. आणि वर माळ्यावर वाट्या आहेत, त्या काढून दे. भाऊजी कधीचे ओट्यावर येऊन बसलेत.’